वर्ध्यात रिसर्च होतो म्हणजे नेमकं काय होतं?

एसटीत असाल, मेसच्या लाइनीत असाल, नाहीतर अभ्यासाच्या नावाखाली गच्चीवर बसला असाल, सगळ्यांचं स्वागत. आधीच सांगून ठेवते, आजच्या भागात अर्ध्यानंतर शेतकरी आत्महत्यांचा विषय येणार आहे. आज ते ऐकायची मनःस्थिती नसेल तर तिथं थांबा, भाग कुठं पळून जात नाही.

तर झालं असं की एका श्रोत्यानं मेसेज पाठवला. "ताई, रिसर्च करायचा म्हणजे पुण्याबंगलोरलाच जावं लागते ना? आणि आर्ट्सवाल्यांचा कसला आलाय रिसर्च?" एकाच मेसेजमध्ये दोन प्रश्न, आणि दोन्ही इतके कॉमन आहेत की उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर देण्यापेक्षा इथंच देते. मी वर्ध्याचीच. म्हणून उदाहरणंही वर्ध्याचीच घेते.

कुष्ठरोगापासून सुरुवात करू. हा रोग एका जंतूमुळे होतो हे १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरनं दाखवलं. पण हा जंतू मोठा हट्टी आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत तो आजही वाढवता येत नाही. म्हणजे बाकीच्या जंतूंचा जसा अभ्यास करतात तसा याचा करताच येत नाही. औषध सापडायला विसावं शतक जवळपास अर्धं सरलं. तोवर इलाज एकच होता, माणूस गावाबाहेर. आपल्याकडं मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं, सेवाग्रामला गांधीजी स्वतः परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करत. हे सगळं तुम्ही शाळेच्या सहलीत ऐकलं असेल.

सहलीत जे सांगत नाहीत ते पुढचं. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं. डॉ. वर्देकर तिथं होते. हातात डॅप्सोनच्या गोळ्या आल्या होत्या. पण गोळी असून भागत नाही ना बाप्पा! ज्याला चट्टा आहे तो दाखवायला येणार आहे का? पोरीचं लग्न मोडेल, शेजारी पाणी भरू देणार नाहीत, दुकानदार पैसे हातात घेणार नाही. मग त्यांनी उलट रस्ता धरला. दवाखान्यात रोग्याची वाट बघायची नाही, आपणच घरोघर जायचं. प्रत्येकाला तपासायचं, रोगाबद्दल सगळ्या गावाशी बोलायचं आणि औषध घरीच द्यायचं, माणसाला गावातून उचलायचं नाही. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. हीच पद्धत पुढं देशाच्या कार्यक्रमात गेली.

आता मला सांगा, हे सायन्स की आर्ट्स? गोळी रसायनशास्त्राची. कोणत्या घरात किती रोगी, हे मोजणं संख्याशास्त्राचं. आणि माणूस चट्टा का लपवतो, हा प्रश्न समाजशास्त्राचा. तिघांतला एक काढा, बाकीचे दोन लंगडे.

पुढं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन-तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला, एमडीटी म्हणतात तो. देशात ज्या जिल्ह्यांपासून तो सुरू झाला त्यात वर्धा होतं. रोग बरा व्हायला लागला. पण जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येतो, ही तरतूद आपल्या कायद्यांतून कधी गेली माहितीये? २०१९ मध्ये. औषध येऊन पस्तीसेक वर्षं झाल्यावर. जंतूपेक्षा कायदा जास्त चिवट निघाला, असं माझं मत.

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजबद्दल पटकन दोन गोष्टी. हे कॉलेज १९६९ चं, डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलेलं. पहिली गोष्ट, २००५ मध्ये 'जामा' या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये इथला एक अभ्यास छापून आला. विषय काय, तर टीबीच्या पेशंटमध्ये राहून खुद्द डॉक्टर-नर्सना आणि शिकणाऱ्या पोरापोरींना किती संसर्ग होतो. सातशे सव्वीस जणांना तपासलं. हातावर टोचायची जुनी टेस्ट आणि रक्ताची नवी महागडी टेस्ट, दोन्ही. जवळपास निम्म्यांमध्ये दोन्हींपैकी एखादी तरी टेस्ट पॉझिटिव्ह. आजारी नव्हे हं, जंतू शरीरात झोपलेला. आणि स्वस्त टेस्ट महागड्या टेस्टच्या मागं फारशी नव्हती. मोठ्या शहरातल्या चकचकीत लॅबला हा प्रश्न सुचलाच असता असं नाही. तो सुचला कारण वॉर्ड समोर होता.

दुसरी गोष्ट ज्वारीची. डॉ. उल्हास जाजूंनी आजूबाजूच्या गावांत आरोग्य विमा चालवला, आणि हप्ता घेतला ज्वारीत. पीक निघालं की ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. गावातली बहुतेक घरं आली तरच गावाला विमा. लोक आजारपणासाठी एकमेकांचा भार उचलतील का, किती उचलतील, हा अर्थशास्त्राचा प्रश्न एका फिजिशियननं गावच्या बैठकीत बसून सोडवायला घेतला. यावर मला एक अख्खा भाग करायचाय, म्हणून आज इतकंच.

आता तो अवघड विषय.

२००४-०५ च्या आसपास विदर्भातून रोज बातम्या येत होत्या. का होतंय, हे शोधायला कितीतरी लोक निघाले. मुंबई हायकोर्टाच्या सांगण्यावरून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसनं २००५ मध्ये अहवाल दिला. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रांनी २००६ मध्ये. मिश्रांनी काढलेला एक आकडा: महाराष्ट्रात एक लाख पुरुष शेतकऱ्यांमागं १९९५ मध्ये १५ आत्महत्या होत्या, २००४ मध्ये ५७.

मला त्यांच्या आकड्यापेक्षा पद्धत जास्त सांगायचीय. मिश्रा अर्थशास्त्रज्ञ. पण त्यांनी काय केलं, ज्या घरात आत्महत्या झाली ती घरं घेतली, आणि शेजारची तशीच शेतकऱ्यांची घरं घेतली जिथं झाली नाही. मग दोघांत फरक काय ते बघितलं. पाऊस तोच, भाव तोच, मग याच घरात का? उत्तर आलं की त्या घरांवर कर्ज जास्त होतं, गोठ्यात बैल कमी होते. आता ही पद्धत मूळची डॉक्टरांची. १९५० मध्ये लंडनच्या दवाखान्यांत डॉल आणि हिल या दोघांनी फुप्फुसाचा कॅन्सर झालेले आणि न झालेले पेशंट असेच शेजारीशेजारी ठेवून सिगारेटवर बोट ठेवलं होतं.

आणि सेवाग्रामच्या डॉक्टरांनी काय केलं बघा. डोंगरे आणि देशमुख यांचा २०१२ मध्ये छापलेला अभ्यास आहे, वर्धा जिल्ह्यातल्या गावांमधला. त्यांनी रक्त घेतलं नाही की फॉर्म भरून घेतले नाहीत. लोकांना म्हणाले, तुम्हाला वाटतात ती कारणं सांगा. मग त्या कारणांच्या चिठ्ठ्या लोकांच्याच हातात दिल्या आणि सांगितलं, ज्या गोष्टी एकमेकीला धरून आहेत त्यांचे ढीग लावा. ही पद्धत मानववंशशास्त्रज्ञांची! म्हणजे अर्थशास्त्रज्ञानं डॉक्टरचं हत्यार उचललं आणि डॉक्टरांनी मानववंशशास्त्रज्ञाचं. कर्ज तर आलंच, पण दारू आली, शेतमालाचा भाव आला, सिंचन आलं, खताचा खर्च, सावकार, घरची जबाबदारी, सगळं आलं. आणि ढीग लावले की दिसतं, एकटं कारण कुणीच नसतं.

तिकडं पऱ्हाटीचं सायन्स वेगळं चाललेलं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. काही वर्षांत गुलाबी बोंडअळी त्याला पचवायला शिकली, २०१७ मध्ये विदर्भात तिनं केवढं नुकसान केलं ते तुमच्या घरी आठवत असेलच. कीटकशास्त्रज्ञ सांगतात, ही अळी मुख्यतः कापसावरच जगते, म्हणून डिसेंबरनंतर वावर रिकामं करा, फरदड ठेवू नका. बरोबरच आहे. उभं पीक मार्चपर्यंत राहिलं की अळीला बारा महिने खानावळ. पण शेतकरी फरदड का ठेवतो? कारण आणखी दोन वेचण्या मिळाल्या तर कृषी केंद्राची उधारी फिटते. अळीच्या जीवनचक्राचं पुस्तक उघडलं की पुढच्या पानावर उधारीची वही निघते.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हा भाग करायला बसले. आत्महत्येनंतर कुटुंबाला सरकारकडून एक लाखाची मदत मिळते, पण प्रकरण 'पात्र' ठरलं तर. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठलं, थकीत आहे का, हे बघतात. आता ढीग आठवा. नातेवाइकाकडून हातउसने घेतलेले पैसे कागदावर कुठं दिसणार? वर्षानुवर्षं वावरात राबणारी, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई 'शेतकरी' म्हणून मोजली जाणार का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९९५ पासून शेतकरी आत्महत्या वेगळ्या मोजतो, तिथंही प्रश्न हाच की शेतकरी कुणाला म्हणायचं. व्याख्या कशी केली यावर आकडा ठरतो, आणि आकड्यावर कुणाच्या दारात तहसीलचा माणूस येणार ते ठरतं. लॅबमध्ये चुकीची बाटली उचलली तर प्रयोग पुन्हा करता येतो. इथं अपात्रचा शिक्का बसला की ती बाई कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहते.

म्हणून, मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, आर्ट्सवाल्यांचा कसला रिसर्च विचारलंस ना, तर हा असला. गावातल्या एखाद्या काकूला विचारून बघ, सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का. मग दहा जणींना विचार, आणि प्रत्येकीला प्रश्न त्याच शब्दांत विचार. वही ठेव, तारीख टाक. उत्तरं आली की मला पाठव, नावं न लिहिता. पुढच्या महिन्यात त्यावर बोलू.

आणि ऐकताना कुणाला जड गेलं असेल, किंवा घरात कुणाची काळजी वाटत असेल, तर टेली-मानसचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात.