नाणे आणि नाण्याचे चित्र



जुनी नाणी जमविण्याचा छंद आपल्याकडे नवा नाही. पूर्वी घेणारा सराफाच्या पेढीवर बसे, नाणे तळहातावर घेई, दगडावर वाजवून पाही आणि मग भावाची गोष्ट काढी. आज हा बाजार इंटरनेटवर भरतो. तेथे हात, कान आणि तराजू तिन्ही निरुपयोगी. उरतो तो एकटा डोळा, आणि त्याला दिसते विकणाऱ्याने दाखविलेले चित्र. हे चित्र म्हणजे विकणाऱ्याचा जबाब आहे, असे मी मानतो. आणि जबाब म्हटला की उलटतपासणी आलीच.

पहिला प्रश्न आकाराचा. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन जेमतेम १३ मिलिमीटर रुंदीचा आणि पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा. राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. पडद्यावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात! तेव्हा नाणे मोजपट्टीशेजारी ठेवून आणि काट्यावर ठेवून काढलेले चित्र मागावे. खोट्या नाण्याचे वजन पुष्कळदा तेथेच चुकते.

दुसरा प्रश्न उजेडाचा. झगझगीत उजेडात ओरखडे बुडून जातात आणि घासूनपुसून चकचकीत केलेले नाणे नव्यासारखे भासते. तेच नाणे तिरप्या उजेडात धरले की घासल्याच्या बारीक रेघा उमटतात. ओतीव नाण्याची बोथट अक्षरे आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे मोठ्या, स्पष्ट चित्रातच कळतात. म्हणून नाणे हातात फिरवून दाखविणारे चलत्चित्र मागणे उत्तम.

तिसरा प्रश्न कडेचा, आणि नेमके तेच चित्र बहुधा दिलेले नसते. आपल्याकडे रुपयांना कडी लावून गळ्यात घालण्याची चाल होती. कडी काढली तरी डाग राहतो, आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. साच्यात ओतलेल्या नाण्याचा सांधाही कडेलाच सापडतो. छाप आणि काटा दिसला म्हणून नाणे दिसले असे समजू नये.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हे चित्र याच नाण्याचे कशावरून? दुसऱ्याच्या संग्रहातले चित्र उचलून लावणे फार सोपे झाले आहे. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय इंटरनेटवर आहे, ती वापरावी. विक्रेत्याला आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीवर नाणे ठेवून नवे चित्र पाठवावयास सांगावे. शिवराई तर हातोड्याने ठोकून पाडलेली. ठसा कधी डावीकडे सरके, कधी उजवीकडे. म्हणून दोन शिवरायांची कड, चीर आणि तुटलेली अक्षरे तंतोतंत जुळत नाहीत. दोन दुकानांत ती जुळली, तर एक चित्र दोघांनी वापरले आहे, किंवा एकाच नाण्यावरून साचा करून दोन्ही ओतली आहेत. एरवी नाणे परत घेण्याची लेखी हमी असल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

चित्र अस्सल आणि स्पष्ट असूनही नाणे थोतांड असू शकते, हेही विसरू नका. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल घातलेली, रामदरबाराची तांब्याची नाणी सर्रास विकली जातात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. तेथे चित्रापेक्षा इतिहासाचे पुस्तक अधिक उपयोगी. शंभर वर्षांपूर्वीच्या नाण्यांच्या बाबतीत १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही ध्यानात असावा. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो.

कोणी म्हणेल, हौसेच्या गोष्टीत एवढी चिकित्सा कशाला? फसलेल्या माणसाचे पैसे जातात, हे खरेच. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. शिवराईवर ‘शिव’ हे नाव कोठे ‘सिव’, कोठे ‘सीव’ असे आढळते. अशा बारीक फरकांवरून अभ्यासक टांकसाळींचा आणि काळाचा माग काढतात. त्यांत एक खोटा नमुना शिरला, संग्रहात बसला आणि पुढे ग्रंथात छापला गेला, की एका ग्राहकाची फसवणूक साऱ्या समाजाची होते. राज्याभिषेकाच्या काळाचे इतके थोडे साहित्य आपल्या हाती उरले आहे, की त्यांत भेसळ परवडण्यासारखी नाही.

म्हणून चित्र पाहून मोहून जाऊ नका. त्याला प्रश्न विचारा. उत्तर देण्याची टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.