एका स्वराचे संगीत



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, ‘‘एकाच स्वरावर तासभर बोलणार तरी काय?’’ मी म्हटले, ‘‘आपण रोज संध्याकाळी मांडवीला बसून समुद्राची गाज ऐकता, तिचा कधी कंटाळा आला का?’’

आपल्या घरांतली काही तरुण मंडळी हल्ली अशा ध्वनिमुद्रिका ऐकतात, की ज्यांत विजेच्या गिटारचा एकच स्वर पंधरा-वीस मिनिटे घुमत राहतो आणि त्यावर यंत्रातून निघालेले, अंतराळातून आल्यासारखे ध्वनी तरंगतात. शब्द नाहीत, ताल नाही. आपण म्हणतो, हा गोंगाट! आज मी त्या गोंगाटाचे वकीलपत्र घेतले आहे. आणि साक्षीदार म्हणून हा मिरजेचा तंबोरा आणला आहे.

याला तारा चार. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. गंधाराची तार नाही. तरीही तंबोरा नीट लागला की खर्जातून गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार छेडली की मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूक्ष्म स्वरही उमटतात. पाचपटीचा तो गंधार. घोडीची रुंद पाठ आणि तारेखाली सरकवलेला सुताचा धागा यांमुळे तार घोडीला हलकेच घासते आणि हे दडलेले स्वर फुलतात. हीच जवारी. शस्त्रांचे काम करणाऱ्या मिरजेच्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात ही विद्या हस्तगत केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता गिटारकडे वळू. मघाशी हा ध्वनिक्षेपक किंचाळला आणि आपण कानांवर हात ठेवले. कर्ण्यातला आवाज पुन्हा मायक्रोफोनात शिरला की असे होते. गिटारवादक हेच बुद्ध्या करतो. तो वाद्य कर्ण्यासमोर धरतो, त्या आवाजाने तार आपोआप थरथरत राहते आणि त्या किंकाळीला लगाम घालून तो तिचा षड्ज करतो. आवाज मुद्दाम फाटू दिला, की त्यात नवे उपस्वर मिसळतात. सिंथेसायझर वाजवणारा उपस्वरांनी भरलेला ध्वनी घेतो आणि विजेच्या गाळणीतून त्यांतले काही पुढे आणतो, काही मागे सारतो. जवारी काढणारा कारागीर याहून निराळे काय करतो?

हे नाते नुसते तर्काचे नाही. १९६६ साली बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्याखाली तंबोरा वाजला. १९७२ साली पोपोल वू या जर्मन संचाच्या ‘होसियाना मंत्रा’तही तो आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे जे किराणा घराणे मिरजेत नांदले, त्याच घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत गेले. ला माँट यंग आणि टेरी रायली हे तिथले संगीतकार त्यांचे शिष्य झाले. आणि यंत्रे आपल्याकडेही आली होती. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला. तिथले ध्वनिमुद्रण श्रोत्यांपर्यंत पोहोचायला मात्र २०२३ साल उजाडले! मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ साली यंत्रांवर दहा राग वाजवले. त्या तबकडीचे खरे कौतुक झाले ते २०१० साली ती परदेशातून पुन्हा निघाल्यावर.

असे का व्हावे? मला वाटते, आधारस्वर ऐकायचा असतो हेच आपण विसरलो. गवई तंबोरे मिळवीत असतो तेव्हा आपण खाकरतो, पानसुपारी करतो. आता तर तंबोराही पेटीत, नव्हे मोबाइलमध्ये आला. त्याच्याशी माझे वैर नाही, एस. टी.तून भोपळा सांभाळत नेण्याचे दिव्य मी केलेले आहे. पण खुंटी पिळून स्वर मिळवताना जो कान तयार होई, तो बटण दाबून होत नाही. परदेशातला तरुण ज्या स्वरासाठी यंत्रापुढे तासन्तास बसतो, तो आपल्या घरी गवसणीत पडून आहे.

हे नवे संगीत सगळेच चांगले असते असे मी म्हणत नाही. त्यात नुसती धुंदी आणि नुसता कंटाळाही पुष्कळ आहे. कसोटी एकच लावा : पहिल्या मिनिटाला न ऐकू आलेले काही दहाव्या मिनिटाला ऐकू येते का?

तेव्हा आज घरी गेल्यावर मुलाजवळ बसून त्याचे ते संगीत दहा मिनिटे ऐका. मग त्याला तंबोऱ्याजवळ बसवा, खुंटी त्याच्या हाती द्या, आणि गंधार सापडेपर्यंत दोघांनीही बोलू नका.