माता-भगिनींनो, तपासणीला लाजू नका

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही. साच्यावर कापड विणणारा गिरणी कामगार आहे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर वाचनालयात बसून. समितीने मला कामगार चळवळीवर बोलायला सांगितले होते. पण आज मी दुसराच विषय काढणार आहे. ऐकताना काहींना अवघडल्यासारखे होईल. मलाही होतेच आहे. पण विषय बाईच्या जिवाचा आहे, म्हणून बोलतो.

माझी थोरली वहिनी २००९ साली गेली. तिनेच मला लहानाचा मोठा केला. पाळी बंद होऊन पाच वर्षे झाली होती, आणि तिच्या अंगावरून पुन्हा रक्त जायला लागले. ती म्हणायची, उष्णता झाली असेल. धने-जिऱ्याचे पाणी प्यायची. आम्हाला सांगायची, कंबर दुखते. असे आठ महिने काढले. मी शेजारच्याच खोलीत राहत होतो. गिरणीच्या गेटवर तास-तासभर भाषणे ठोकणारा मी, पण वहिनीला "काय होतंय गं तुला?" एवढे एकदाही विचारले नाही. दिराने असले काही विचारू नये, हीच आपली रीत ना! दवाखान्यात नेली तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पार पसरला होता. शेक दिले, औषधे झाली, पण दीड वर्षात ती गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला पाच-सात वर्षांआधी एकदा तपासली असती तर..." पुढचे त्या बोलल्या नाहीत. ते मला नंतर पुस्तकांतून कळले.

ते काय, ते सांगतो. पिशवीच्या तोंडाला जो कॅन्सर होतो, तो जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. नवरा-बायकोच्या संबंधातून तो अंगात येतो. बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. काही थोड्या जणींच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो. तरी लगेच कॅन्सर होत नाही. आधी तिथल्या पेशी बिघडतात, आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढा वेळ निसर्ग आपल्याला देतो! साच्यावर धागा तुटला की तिथल्या तिथे गाठ मारली तर कापड वाचते. पाच वार विणून झाल्यावर ध्यानात आले तर काय उपयोग? तसेच हे आहे. बिघाडाच्या वेळी दुखत नाही, खुपत नाही. म्हणून काही होत नसतानाच तपासायचे.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सुमारे सव्वा लाख बायांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ऐंशी हजार बाया त्याने गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. आणि तपासणी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांत दोघींचीही कधी तपासणी झालेली नव्हती.

तपासणी अवघड आहे का? नाही. एका पद्धतीत पिशवीच्या तोंडाला पातळ केलेले ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे पाणी लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघाड असेल तिथे पांढरा डाग उमटतो. दुसरी पॅप तपासणी, तिच्यात पेशी काचेवर घेऊन दुर्बिणीखाली पाहतात. तिसरी खुद्द विषाणूची तपासणी. डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असे नाही, हे ध्यानात ठेवा. पुढची तपासणी करून बिघडलेला भाग गोठवून किंवा शेकून काढता येतो. बहुतेक वेळा पिशवी काढावी लागत नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून याचा मोठा अभ्यास केला. दीड लाखावर बाया त्यात होत्या. निम्म्या बायांना दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी दिली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावी शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या बाया होत्या. २०१३ साली निष्कर्ष आला, की या आजाराने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या निम्म्या बायांना तेव्हा नुसती माहितीच दिली होती. त्यावर पुढे टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. पण म्हणूनच सांगतो, हे ज्ञान आपल्यासारख्या वस्तीतल्या बायांनी किंमत मोजून मिळवून दिले आहे. ते आपण वाया घालवायचे का?

काही जणी म्हणतात, "लोक काय म्हणतील? माझ्या वागण्यावर संशय घेतील." भगिनींनो, हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो. त्याचा चारित्र्याशी संबंध जोडणे अडाणीपणा आहे. आणि पुरुषांनो, तो बाईला बहुधा आपल्याकडूनच येतो. तेव्हा बोट दाखवण्याआधी विचार करा.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतल्या बाळंतिणींना प्रसूती लाभ मिळावा म्हणून विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाईच्या शरीराचा प्रश्न भर सभेत मांडायला ते लाजले नाहीत. तथागतांनी तर अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले. मग आपणच का लाजावे?

आता कामाचे बोलतो. सरकारच्या २०१६ च्या धोरणाप्रमाणे तीस ते पासष्ट वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायची आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आरोग्यसेविकेला दिवस विचारा. पाळीचे दिवस सोडून जा. एकटीला भीती वाटते तर चौघी मिळून जा. आणि संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, घाण वासाचे पाणी, असे काही असेल तर तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नका, तडक डॉक्टर गाठा. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी लसही आहे. पुण्यात बनलेली लस २०२३ मध्ये आली. पण लस घेतली तरी पुढे तपासणी चुकवायची नाही.

महिला मंडळाला माझी विनंती आहे. वंदनेनंतर एक वही फिरवा. नाव लिहा, तपासणीची तारीख लिहा, आणि पाच वर्षांनी पुन्हा कधी, तेही लिहा. माझ्या घरातली दोन नावे मी आज लिहून देतो, बायकोचे आणि सुनेचे. दोघींना विचारूनच आलो आहे. वहिनीचे नाव लिहायचे राहून गेले, ते आता लिहिता येत नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!