वाटेवरची अक्षरे



विषय जाहीर झाला तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी आम्हांला हळूच विचारले, "पाट्यांवर तासभर बोलण्यासारखे काय आहे हो?" प्रश्न रास्त होता. मंचरला येऊन बोलायचे तर बारवेवर बोलावे, शिवनेरीवर बोलावे, भीमाशंकरावर बोलावे. रस्त्याकडेचा पेट्रोलपंप, चहाचे हॉटेल, रसवंतिगृह आणि त्यांच्यावर रंगविलेली अक्षरे हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे, असे आम्हांलाही पुष्कळ वर्षे वाटत असे.

पण आपले गाव रस्त्यावरचे आहे. पुणे-नाशिक रस्ता भर गावातून जात होता तोवर प्रत्येक उतारू मंचर वाचीतच पुढे जाई. आता बाह्यवळण झाले. कोंडी सुटली, त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये. आम्हीही करीत नाही. मात्र वाचणारा निघून गेला की लिहिलेल्याला कोणी वाली उरत नाही.

ही वेळ अमेरिकेवर आपल्या आधी आली. शिकागोपासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा ६६ क्रमांकाचा रस्ता १९२६ साली ठरला. त्याच्या काठाने खाणावळी, पंप, मुक्कामाची मोटेले उभी राहिली आणि धावत्या मोटारीतून दिसावीत म्हणून त्यांच्या पाट्या माडाएवढ्या उंच झाल्या. लाँग आयलंडवर बदके पाळणाऱ्या एका शेतकऱ्याने १९३१ साली बदके आणि अंडी विकण्यासाठी दुकानच बदकाच्या आकाराचे बांधले. त्याचे डोळे म्हणजे फोर्ड मोटारीचे मागचे दिवे! शहाण्यासुरत्या लोकांना हा सगळा प्रकार ओंगळ वाटे. १९६५ साली तर महामार्गांच्या सुशोभनाचा कायदा होऊन जाहिरातींच्या फलकांवर बंधने आली. पुढे रुंद, सरळ हमरस्ते झाले, जुन्या रस्त्यावरची गावे ओस पडली आणि १९८५ साली ६६ हा क्रमांकही अधिकृत यादीतून गेला.

गंमत पुढेच आहे. त्या कायद्याला बारा वर्षे होतात न होतात तोच, १९७७ साली, तिथल्याच काही अभ्यासकांनी या ओंगळ वस्तू जपण्यासाठी संस्था काढली. जॉन मार्गोलिस नावाचा गृहस्थ तर कॅमेरा घेऊन सुमारे चाळीस वर्षे देशभर हिंडला. त्याची अकरा हजारांवर रंगीत चित्रे आज त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि कोणालाही विनामूल्य वापरता येतात. ते बदकही कौंटीने ताब्यात घेऊन जपले आहे. पण मार्गोलिसने टिपलेल्या कित्येक इमारती नंतर पडल्या. त्यांचे जे उरले ते चित्रच.

आता घरी येऊ. आपल्याकडे बदकाचे दुकान नव्हते, हे खरे. पण काय नव्हते? मैलाचे दगड होते. दशमान पद्धत आली आणि मैल गेले, फर्लांग गेले. बर्मा-शेलचे पंप होते. १९७६ साली ती कंपनी सरकारने घेतली आणि शिंपल्याची खूण उतरली. चहाच्या, साबणाच्या, बिडीच्या पत्र्याच्या पाट्या होत्या. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. आणि नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या! यात्रांचा हंगाम आला की त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात, दारावर फडाच्या नावाचा फलक लागतो, गावोगावचे पुढारी येऊन सुपारी ठरवितात आणि हंगाम सरला की सगळे गुंडाळले जाते. ही आमच्या मते वास्तुकलाच आहे. फक्त तिला पाया नाही.

यातल्या बहुतेक पाट्या ब्रशाने रंगविलेल्या असत. गावातला पेंटर शिडीवर चढे, सुतळीने रेघ मारी आणि 'श्री'चा वेलांटा असा काही काढी की दुकानदारापेक्षा त्याचीच ओळख पटावी. फ्लेक्स आला तेव्हा एका रात्रीत फलक तयार होऊ लागला आणि ब्रश बसला. फ्लेक्सला आम्ही नावे ठेवीत नाही. स्वस्त आहे, चटकन होतो. पण वाढदिवस सरला की तो ताडपत्री म्हणून गंजीवर जातो. जुन्या पाट्यांचे तरी वेगळे काय झाले? एका गोठ्याच्या छपरावर चहाची पाटी उलटी ठोकलेली आम्ही पाहिली. मालकाला विचारले तर म्हणाला, "पत्रा चांगलाय, अजून गळत नाही."

जुन्नरच्या नाणेघाटात यापैकी पुष्कळ जण गेले असतील. घाटमाथ्यावर वाटेच्या कडेलाच लेणे आहे. कोकणातून चढून आलेल्या वाटसरूने टेकावे, पाणी प्यावे आणि राज्य कोणाचे ते भिंतीवर वाचावे. त्याच्या मागच्या भिंतीत सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव: सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, आणखी काही कुमार. प्रतिमा आज नाहीत; पावलांचे जेमतेम अवशेष आहेत. नावे मात्र वाचता येतात. म्हणजे मूर्ती गेल्या आणि पाटी राहिली! ती नसती तर त्या पावलांवरून आपण कोणाला ओळखले असते?

तेव्हा सगळे पत्रे गोळा करून संग्रहालय मांडा, असे आमचे म्हणणे नाही. त्याला जागा लागते, पैसा लागतो, आणि दोन पावसाळ्यांनंतर कुलूप लागते. आधी टिपून ठेवा. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. जुन्या रस्त्यावर आज जी रंगविलेली पाटी आहे तिचे चित्र घ्या. ती कोणी रंगविली, कोणत्या साली, दुकान पूर्वी कशाचे होते, हे विचारून वाचनालयाच्या एका वहीत लिहा. पाटीच्या कोपऱ्यात पेंटरने बारीक अक्षरांत आपले नाव घातलेले असते, ते सोडू नका. त्यांतले काही पेंटर अजून हयात आहेत. आधी त्यांच्याकडे जा, पाट्या दोन दिवस थांबतील.

आणि एक विनंती भगिनींना. घरातले लग्नाचे जुने फोटो काढून पाहा. वरात बाजारपेठेतून गेलेली असते. नवरदेव घोड्यावर आहे, आपण त्याच्याकडेच पाहत आलो. त्याच्या मागे दुकानाची पाटी दिसते का, ते एकदा बघा. दिसली तर फोटो उद्या इथे घेऊन या. आम्ही उद्या संध्याकाळपर्यंत मंचरातच आहोत.