वराहाच्या शुक्रपेशीवरील शर्करा

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावांत परिचित असलेला भुईमुगाचा दाणा
नर डुकराच्या प्रजननसंस्थेच्या अभ्यासातही उपयोगी पडतो.

वृषणात तयार झालेली शुक्रपेशी
अधिवृषण नावाच्या वेटोळ्या नलिकेतून पुढे सरकते,
आणि या प्रवासात तिच्यावरील ग्लायकोप्रथिने,
म्हणजे शर्करेच्या साखळ्या जोडलेली प्रथिने, बदलत जातात.

या साखळ्या ओळखण्यासाठी लेक्टिन,
म्हणजे विशिष्ट शर्करेलाच चिकटणारे प्रथिन, वापरतात;
भुईमुगातील लेक्टिन गॅलेक्टोजयुक्त साखळीला चिकटते,
आणि त्याला हिरवा चमकणारा रंग जोडला असता
शुक्रपेशीच्या डोक्यावरील टोपीसारखी पिशवी फाटलेली आहे का,
हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते.

थोडक्यात, शुक्रपेशीची ओळख
तिच्यावरील शर्करेच्या साखळ्यांतून पटते,
आणि ही ओळख पटवणारे एक साधन
भुईमुगाच्या दाण्यातूनच मिळते.