बालकांचे मनोविकास-विकार : संशोधन कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढील व्याख्यान)



दरवर्षी होळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मोठी यात्रा भरते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि परप्रांतांतूनही माणसे येतात. तिथली होळी नारळांची असते. रुग्णाच्या अंगावरून उतरवलेले नारळ आणि त्याचे जुने कपडे तीत टाकले जातात. आलेल्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती याची मोजदाद तिथे कोणी करीत नाही. घरातल्या ज्या माणसाला 'बाहेरचे लागले' असे वाटते, त्याला घेऊन कुटुंबे येतात. प्रौढ येतात, तशी मुलेही येतात. चार वर्षांचे होऊनही न बोलणारे, नावाने हाक मारली तरी न वळणारे मूल; क्षणभरही एका जागी न टिकणारे मूल; दिवसातून पन्नास वेळा हात धुऊनही ते स्वच्छ झाले नाहीत या धास्तीने रडणारी मुलगी.

या दृश्याकडे पाहून हसणे सोपे आहे आणि पुरोगामी मंडळींनी ते पुष्कळदा केलेही आहे. परंतु एक साधा प्रश्न विचारावा. लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या शेतमजूर बाईने आपले न बोलणारे मूल सैलानीला न नेता दुसरीकडे कुठे न्यावे? राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांतले नागपूर विदर्भातले खरे, पण बुलढाण्याहून तीनशे किलोमीटरपेक्षा दूर. शिवाय ती रुग्णालये मुख्यतः प्रौढांसाठी. तिथवर जायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे लागते, आणि गावात 'येड्याच्या दवाखान्यात नेले' ही ख्याती पोराला जन्मभर पुरते. सैलानीला नेले तर निदान ती तरी होत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समधील संशोधक रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील एका मंदिरात आसऱ्याला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. औषधाविना, केवळ काही आठवडे त्या शांत आणि सहिष्णु वातावरणात राहिल्याने त्यांची लक्षणे सुमारे एकपंचमांशाने उतरली होती. आदराने वागवल्याने माणूस थोडा सावरतो, एवढे त्यातून दिसते. पण त्याच राज्यात एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण जळून मेले, हेही विसरता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. कायदा साखळी सोडवतो. सोडवलेल्या माणसाला कुठे न्यायचे हे जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेला सांगावे लागते. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच 'दवा-दुआ' नावाने मनोविकारतज्ज्ञांचे केंद्र चालवले गेले. मुजावर आणि डॉक्टर एकाच अंगणात बसू शकतात, ही गोष्ट तिथे सिद्ध झाली आहे.

आता विज्ञानाकडे. स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन-अक्षमता, बौद्धिक मंदत्व, मेंदूचा पक्षाघात यांना मिळून मेंदू-विकासाचे विकार म्हणतात. मूल पोटात असताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूची जी जडणघडण होते, तिच्यात पडलेला हा फरक असतो. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या वर्णनातून स्वमग्नतेला नाव दिले. त्यानंतरची दोन-तीन दशके मात्र या विषयाच्या इतिहासातील लाजिरवाणी म्हणावी लागतील. आईने माया लावली नाही म्हणून मूल असे झाले, असा सिद्धांत विद्वानांनी मांडला आणि हजारो आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९७७ साली फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्या मुलांच्या २१ जोड्यांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखवला तेव्हा त्या सिद्धांताचा पाया निखळला. वऱ्हाडातल्या सासूने सुनेला 'तुझ्याच पायगुणाने' म्हणावे आणि शिकागोच्या पंडिताने तेच जड शब्दांत लिहावे, यात फरक फक्त भाषेचा.

येथे एक इशारा देणे भाग आहे. प्रत्येक आजाराचे खापर व्यवस्थेवर फोडण्याची घाई चळवळीतील माणसाला असते. स्वमग्नता श्रीमंताच्या घरीही होते, गरिबाच्याही. गरिबीमुळे स्वमग्नता होते असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. मात्र सर्व मेंदू-विकास विकार एकत्र घेतले तर चित्र पालटते. भारतातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांची घरोघर तपासणी करून त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्या पाचांत मराठी मुलखाला सर्वांत जवळचे ठिकाण उत्तर गोवा. बाकीची हिमाचलातील कांगडा, हरियाणातील पलवल, ओडिशातील ढेंकानाल आणि हैदराबाद. सहा वर्षांखालील मुलांत अशा विकारांचे प्रमाण ठिकाणागणिक २.९ ते १८.७ टक्के, आणि ६ ते ९ वयोगटात ६.५ ते १८.५ टक्के आढळले. एकाच देशात एवढी तफावत का? संशोधकांना ज्या गोष्टी या विकारांशी निगडित आढळल्या त्या अशा : दवाखान्याबाहेरचे बाळंतपण, जन्मताना बाळ गुदमरणे, नवजात अवस्थेतील आजार, मेंदूचा जंतुसंसर्ग, कमी वजन वा अपुऱ्या दिवसांचा जन्म, खुंटलेली उंची. यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट टाळता येण्याजोगी किंवा कमी करता येण्याजोगी आहे, आणि ती टाळण्यासाठी परदेशी यंत्र नव्हे, तर रात्री दोन वाजता उघडे असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र आणि रस्त्यावर धावणारी रुग्णवाहिका लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मंत्रचळाची गोष्ट निराळी आणि अधिक दडलेली. नको असलेला विचार मनात पुन:पुन्हा घुसतो, त्याची भीती वाटते, आणि ती शमवण्यासाठी हात धुणे, मोजणे, कडी तपासणे, देवाला पुन:पुन्हा नमस्कार करणे अशी कृती करावी लागते. काही वेळाने तोच विचार परततो. मूल वेडे झालेले नसते. आपण करतो ते निरर्थक आहे हे बहुधा त्याला कळत असते, म्हणूनच ते लपवते. मोठेपणी मंत्रचळ असलेल्यांपैकी पुष्कळांचा आजार बालपणी किंवा कुमारवयातच सुरू झालेला असतो. ज्या समाजात सोवळेओवळे आणि विटाळ यांना प्रतिष्ठा आहे, तिथे मुलीचे सतत धुणे-पुसणे 'पोरगी फार नेटकी' म्हणून कौतुकाचा विषय होतो. आजार आणि संस्कार यांची अशी गल्लत झाली की वर्षे निघून जातात. पाण्याच्या टंचाईच्या गावात, जिथे हंडा दोन मैलांवरून येतो, तिथे अशा मुलीला मार मिळतो. या दोन्हींपैकी कोणतीही गोष्ट उपचार नव्हे.

उपचार आहे. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली एक पद्धत मांडली : रुग्णाला भीतीच्या वस्तूसमोर हळूहळू आणायचे आणि नंतरची कृती करू द्यायची नाही. भीती आपोआप उतरते, हा अनुभव मेंदूला शिकवायचा. मुलांवर ही पद्धत किती चालते याची मोठी चाचणी अमेरिकेत ११२ मुलांवर झाली व २००४ साली प्रसिद्ध झाली. केवळ खोट्या गोळीने ३.६ टक्के मुले बरी झाली, औषधाने २१.४, वर्तनोपचाराने ३९.३ आणि दोन्ही मिळून ५३.६ टक्के. म्हणजे बोलणारा, वेळ देणारा प्रशिक्षित माणूस गुणकारी ठरला. जिल्ह्यात मिळतो तो कोण? गोळी मिळाली तर मिळते.

आणखी एक धागा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मनोआरोग्य संस्थेतील सुसान स्वीडो यांनी दाखवले की, घशाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर येणाऱ्या सिडनहॅमच्या कंपविकारात अनेक मुलांना मंत्रचळाची लक्षणे असतात. पुढे १९९८ साली त्यांनी अशा संसर्गानंतर एकाएकी उद्भवणाऱ्या मंत्रचळाचे वर्णन केले. या दुसऱ्या गटाविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. परंतु सिडनहॅमचा विकार संधिवाताच्या तापाचाच भाग असतो, आणि तो ताप दाटीवाटीने राहणाऱ्या, घसा दुखला तर काढा पिऊन शाळेत जाणाऱ्या मुलांचा आजार आहे. श्रीमंत देशांतून तो बहुतांशी हद्दपार झाला. भारतात झालेला नाही. तेव्हा हा धागा तपासायचा असेल तर तो इथल्याच वाडीवस्तीत तपासला पाहिजे.

तो तपासला का जात नाही? जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली, पाण्याचे, रक्ताचे, धान्याचे नमुने गेले, डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. हे योग्यच झाले. गावकऱ्यांचा तो हक्क होता. पण टक्कल छायाचित्रात दिसते, न बोलणारे मूल दिसत नाही. देशाचे पहिले मोठे मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली झाले तेव्हा निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. शिवाय तपासणीच्या कसोट्या ज्या भाषेत तयार होतात तिचा प्रश्न उरतोच. घरी वऱ्हाडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारून 'मंद' ठरवणे हे विज्ञान नाही.

तज्ज्ञ नाहीत म्हणून काही करता येत नाही, ही सबब आता टिकत नाही. गोवा आणि रावळपिंडी येथील ६५ स्वमग्न मुलांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१६ साली आले, विशेषज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी खेळण्याची, त्याच्या लहानशा खुणेला प्रतिसाद देण्याची पद्धत बारा बैठकांत शिकवली. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मूल स्वतःहून संवाद अधिक साधू लागले. परस्परांच्या सामायिक लक्षाचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. तेव्हा ही जादू नव्हे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' उपक्रमाने नैराश्यग्रस्त प्रौढांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर नेले, तेही गावातल्याच माणसांना शिकवून. बुलढाणा त्याच महसुली विभागात आहे.

कागदावर यंत्रणाही आहे. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार फिरत्या पथकाने प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करावयाची असते. विकासातील विलंब त्या यादीत आहे. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता व मनोविकार यांना दिव्यांगत्वाचे हक्क दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत बुलढाण्याचे एक आहे. अशा महाविद्यालयात मनोविकार विभाग असावाच लागतो. मुलांसाठी स्वतंत्र कक्ष, वाचा-उपचारक आणि वर्तनोपचारक मात्र मागितल्याशिवाय मिळत नाहीत. ती मागणी पहिल्या तुकड्या बाहेर पडण्यापूर्वीच झाली पाहिजे, कारण एकदा पदांचा आकृतिबंध ठरला की पुढची वीस वर्षे तोच चालतो.

आणि हे सारे ज्यांच्या खांद्यावर आहे त्या अंगणवाडी सेविका अजून मानसेवी म्हणवल्या जातात. डिसेंबर २०२३ पासून जानेवारीअखेरपर्यंत त्या संपावर होत्या, तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती खिचडी कोण शिजवणार याची. पाच वर्षांखालचे गावातले प्रत्येक मूल जवळजवळ रोज पाहणारी सरकारची ती एकमेव माणूस आहे. तिच्या नोंदीत वजन आहे, उंची आहे, लस आहे. 'हाक मारल्यावर मूल वळते का' हा आणखी एक रकाना तिला भरायला सांगणे सोपे आहे. त्या रकान्यात 'नाही' लिहिल्यावर त्या आईला कोणत्या वारी, कोणत्या गावी, कोणाकडे पाठवायचे आणि एस.टी.चे भाडे कोण देणार, हे मात्र तिला आधी लेखी मिळाले पाहिजे, आणि तो जादा रकाना भरण्याचे मानधनही.