लक्ष नाही, की ऐकू येत नाही?
(महिला मेळाव्यातील भाषण)

पुरुषाला कमी ऐकू येऊ लागलं की यंत्र येतं. बाईला मात्र 'हिचं लक्षच नसतं' म्हणतात. मलाही दोन वर्षं तेच म्हटलं गेलं. यंत्र आलं ते हट्ट धरल्यावर.

पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज घणासारखा डोक्यात बसला. यंत्र कपाटात टाकावंसं वाटलं. तसं करू नका. विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला मेंदूला काही आठवडे लागतात. आधी शांत खोलीत तास-दोन तास, एकाच माणसाशी बोलताना. मग स्वयंपाकघर, मग बैठक. शिट्टी वाजली तर बहुधा साचा नीट बसलेला नसतो किंवा कानात मळ असतो.

घाम, वाफ, केसांचं तेल हे यंत्राचे शत्रू. आंघोळीआधी ते काढा. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून कोरड्या डबीत ठेवा. साचा यंत्रापासून सोडवून कोमट साबणपाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा. यंत्राला पाणी नको.

केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या 'एडिप' योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत यंत्र मिळतं. पण सेलचा खर्च पुढे चालूच राहतो. तो घरखर्चात मांडा, स्वतःच्या पोटाला चिमटा काढून नको.

आणि आपल्या बैठकांत एकावेळी एकीनंच बोलावं. ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारू या. नुसती मान डोलावणं आता पुरे!